शून्य सोडियमची बाटली

ज्याचा स्वतःच्या हातावर भरवसा नसतो तो पीएचडी करतो, आणि ज्याचा असतो तो पीएचडी करणाऱ्याला बफर करून देतो, असं माझं एकतीस वर्षांचं निरीक्षण आहे. हे मी पीएचडीवाल्यांच्या तोंडावर अनेकदा म्हटलेलं आहे. ते हसतात आणि रिकामी बाटली पुढे करतात.

मी पुष्पलता. माहेर उमरेडचं, विणकरांचं. वडिलांच्या मागावर बसायची पाळी माझ्यावर आली नाही, कारण मी बी.एस्सी. झाले आणि नागपुरातल्या एका संशोधन संस्थेत टेक्निशियन म्हणून लागले. तेव्हापासून मज्जापेशींच्या प्रयोगशाळेत आहे. बफर म्हणजे काय ते एकदाच सांगते. पाण्यात मोजूनमापून घातलेले क्षार, थोडी साखर आणि आंबटपणा जागेवर धरून ठेवणारा एक पदार्थ. त्यात उंदराच्या मेंदूतून काढलेल्या मज्जापेशींची टोकं सोडली, की त्यांना वाटतं आपण अजून डोक्यातच आहोत. तास-दोन तास वाटतं. या गैरसमजावर आमचं सगळं विज्ञान चालतं, आणि तो गैरसमज टिकवायचं काम माझं.

अश्विन डाखोळे आमच्याकडे आला त्याला चार वर्षं झाली. खापा गावचा, शेतकऱ्याचा मुलगा. अंगाने काटक, डोक्याने तल्लख, आणि आपण तल्लख आहोत हे त्याला कोणीतरी फार लवकर सांगून ठेवलेलं. पहिल्याच दिवशी मला विचारतो, "काकू, तुमचा पीएच मीटर बरोबर दाखवते ना?"

मी म्हटलं, "मीटर बरोबर दाखवते. पाहणाऱ्याचं पाहा लागन."

तेव्हापासून आमचं जमलं. तो मला रोज काहीतरी शिकवायचा आणि मी त्याला रोज पिपेट कसं धरतात ते दाखवायची.

त्याचा विषय काय होता ते मी त्याच्या वडिलांना सांगितलं तसंच सांगते. जागेश्वरराव एकदा पिशवीभर भुट्टे घेऊन प्रयोगशाळेत आले आणि म्हणाले, "पोट्टं इथं करते काय, ते सांगा ना मले." अश्विनने लगेच फळ्यावर आठ बाण काढले आणि वीस मिनिटं बोलला. जागेश्वररावांनी सगळं नीट ऐकून घेतलं, मान डोलावली आणि माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ," मी म्हटलं, "जरीपटक्याले शेअर ऑटोनं गेले हाये का कधी?"

"गेलो ना."

"तो सुटते केव्हा?"

"सवाऱ्या भरल्याबिगर सुटत नाही. कितीबी बोंबला."

"बस, तेच. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी बोलतात ते ग्लुटामेट नावाच्या अमिनो आम्लानं. एकीनं सांडलं, दुसरीनं ऐकलं. ऐकून झालं का ते उचलून आत घ्या लागते. तसंच राहिलं तं ऐकणारी ऐकू ऐकू मरते."

"मरते?"

"खरंच मरते. आता पेशीभोवती असते पापुद्रा. त्यातून ग्लुटामेटले आपल्यानं आत जाता येत नाही. त्याले ऑटो लागते. पापुद्र्यातच बसवलेला असते तो. अन् तीन सोडियम बसल्याबिगर हा ऑटो हालत नाही. एक हायड्रोजनबी बसते कोपऱ्यात, पण त्याचं सोडा. वापस येताना रिकामा येत नाही, एक पोटॅशियम घेऊन येते."

"अन् सारे सोडियम आत गेले तं? बाहेरच्या स्टँडवर सवाऱ्याच नाही राहाच्या."

हा प्रश्न अश्विनने चार वर्षांत एकदाही इतका सरळ विचारला नव्हता. "म्हणून दुसरा एक पंप हाये," मी म्हटलं. "तो दिवसरात्र सोडियम बाहेर आणून सोडते अन् पोटॅशियम आत घेते. त्याच्यासाठी रक्तातली साखर अन् हवा लागते. लकवा मारला, रक्त बंद झालं, का पंप बंद. मंग ऑटो उलटे फिरतात अन् आतलं ग्लुटामेट बाहेर सांडतात."

जागेश्वररावांनी भुट्ट्यांची पिशवी खाली ठेवली. "आमच्या मायचं तसंच झालं असन," ते म्हणाले. त्यांची आई रुख्माबाई सहा वर्षं एका अंगावर पडून होती. अश्विन बारावीत असताना तिला भरवायचं काम त्याच्याकडे होतं. हा विषय त्याने का घेतला ते मला त्या दिवशी कळलं, आणि मी त्याला त्या दिवशी एकदाही टोचून बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी बोलले.

आता मुख्य गोष्ट. अश्विनच्या प्रयोगात दोन नळ्या असत. एकीत नेहमीचं बफर, दुसरीत सोडियम अजिबात नसलेलं. दोन्हींत पेशींची टोकं सोडायची, यंत्राला ओळखू येईल असं खूण केलेलं ग्लुटामेट घालायचं, तीन मिनिटांनी गाळायचं आणि किती आत गेलं ते यंत्रावर मोजायचं. पहिल्या नळीत शंभर गेलं असं धरलं, तर दुसरीत शून्य जायला हवं. सवाऱ्याच नाहीत, तर ऑटो कुठून सुटणार! गेल्या जानेवारीत अश्विनच्या दुसऱ्या नळीत बारा आले.

त्याने पुन्हा केलं. बारा. आठवड्याने परत केलं, साडेअकरा. जूनपर्यंत अकरा वेळा झालं, आणि अकराही वेळा बाराच्या आसपास. पोरगा हवेत. सोडियमशिवाय चालणारं वाहन सापडलं म्हणजे लकव्यात पंप बंद पडला तरी ते चालणार. त्याला जोर देणारं औषध निघालं तर माणसाचा अर्धा भाग वाचेल. त्याने त्या वाहनाचं नावसुद्धा ठेवलं, के-एक. के कशाचा, असं विचारलं तर म्हणाला, "काही नाही, असंच." तो खाप्याचा आहे हे मी वर सांगितलंच आहे.

आमचे प्रमुख शरच्चंद्र सर धरमपेठेत राहतात आणि कशावरही विश्वास ठेवत नाहीत. त्यांनी अश्विनला सांगितलं, "जुन्या, सोडियमवाल्या वाहनाला बंद पाडणारं औषध घालून बघ. तरीही बारा आले, तर मी तुला पेढे देईन." ते औषध परदेशातून यायचं होतं आणि त्याची फाइल आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आराम करत होती. शेवटी अकरा सारखे आकडे पाहून सरही नरमले. "इतकी नेमकी चूक माणसाच्या हातून होत नाही," ते म्हणाले. ऑगस्टअखेर संस्थेत बाहेरचे शास्त्रज्ञ येणार होते. त्यांच्यासमोर गुरुवारी अश्विनचं भाषण ठरलं. शीर्षक छापून आलं, 'सोडियमशिवाय ग्लुटामेट.' जागेश्वरराव गावातली तीन माणसं घेऊन जीपने येणार होते.

आणि त्यानंतरच्या सोमवारी माझी निवृत्ती.

माझ्या जागी रोशनी नावाची नवी टेक्निशियन येणार होती. सर म्हणाले, "पुष्पलताबाई, तुमच्या सगळ्या कृती वहीत लिहून ठेवा." म्हणायला सोपं. माझे वडील मागावर तुटलेला धागा जोडायचे, ती गाठ कशी मारता असं विचारलं की त्यांना सांगता यायचं नाही. हाताला मारू द्यायचे आणि स्वतःच पाहायचे. मी त्यांचीच मुलगी. म्हणून भाषणाच्या आदल्या सोमवारी सकाळी मी वही उघडून टेबलावर ठेवली, अश्विनचं शून्य सोडियमचं बफर करायला घेतलं आणि हात जे करेल ते लिहीत गेले.

त्या बफरबद्दल मला अभिमान होता. साध्या मिठाच्या जागी त्यात कोलीन क्लोराइड लागतं. हा पदार्थ पावसाळ्यात डबा उघडला की हवेतलं पाणी ओढून घेतो, त्याचा चिखल होतो आणि सगळ्या खोलीला सुकटीचा वास येतो. तो रात्रभर भट्टीत वाळवायचा आणि गरम असतानाच तोलायचा. बाकीचे सोडियमवाले क्षार एकेक करून हुसकून लावायचे, त्यांच्या जागी पोटॅशियमवाले घ्यायचे, पण तेही बेताने. चमचे वेगळे, काचेची भांडी वेगळी, ती तीनदा शुद्ध पाण्याने विसळलेली. कुठून म्हणून सोडियम शिरू नये यासाठी मी काय काय केलं होतं, ते लिहिता लिहिता दीड पान भरलं. रोशनीने वाचून घाबरावं असाही थोडा हेतू होता.

शेवटची पायरी पीएच. सगळं विरघळलं की पाणी आंबट असतं, साडेपाचच्या आसपास. ते सात पॉइंट चारवर आणायचं. माझा हात खिडकीतल्या थेंबाच्या बाटलीकडे गेला. थेंब टाकत गेला. मीटरने सात पॉइंट चार शून्य दाखवलं. मी पेन उचललं आणि हाताने काय टाकलं ते लिहायला बाटलीकडे पाहिलं.

कॉस्टिक. सोडियम हायड्रॉक्साइड.

मी बाटली खाली ठेवली. मग पुन्हा उचलून लेबल वाचलं. अक्षर माझंच होतं.

बी.एस्सी. झालेल्या बाईला हे कळू नये का, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं. पण आमच्याकडे पीएच हा जिन्नस नसतो. वरण झालं की चाखून चिमूटभर मीठ घालतात, ते कोणी कृतीत लिहितं का? अश्विनच्या कागदावरही 'पीएच ७.४' एवढंच होतं. कशाने, ते नव्हतं. शेजारच्याच फळीवर ट्रिस नावाची पावडर होती. तिनेही पीएच चढतो आणि तिच्यात सोडियमचा कण नसतो. हात तिकडे गेला नाही, कारण एकतीस वर्षं तो खिडकीकडेच जातो.

वहीच्या मागच्या पानावर मी हिशेब केला. किती थेंब, किती तीव्र, किती पाण्यात. लिटरला सव्वा दहा मिलिमोल सोडियम. नेहमीच्या बफरात एकशे चाळीस असतं, त्यापुढे हे चिमूटभर. पण ऑटोला तीनच लागतात. स्टँडवर गर्दी नसली तरी ताटकळून तीन सवाऱ्या मिळतातच, आणि तो सुटतो. शंभरातून बारा वेळा सुटतो.

आणि अकराही वेळा बाराच का, तर माझे थेंब मोजून तेवढेच. मी ढिसाळ असते तर आकडे कधी पाच, कधी पंचवीस आले असते, आणि पोरगा जानेवारीतच संशयाने वाचला असता. सर म्हणाले होते ना, इतकी नेमकी चूक माणसाच्या हातून होत नाही म्हणून. सरांना माझा हात अजून कळलेला नाही.

मला आधी राग आला. हातावर, बाटलीवर, त्या कागदावर, आणि सरांवरही, कारण ते शेजारच्याच खोलीत बसतात आणि रागवायला सोयीचे आहेत. मग भीती वाटली. हे माझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. बाटली उचलून ठेवली, वहीत ट्रिस लिहिलं, की सोमवारी मी हार घालून घरी. पुढे सहा महिन्यांनी कधीतरी ते परदेशी औषध येईल, के-एक मोठ्या लोकांसमोर कोसळेल, आणि तोपर्यंत मी तांडापेठेतल्या घरून नातवाला शाळेत सोडत असेन. हा विचार माझ्या मनात आला, ते लपवत नाही. हातातला चहा संपेपर्यंत तो होता.

चहा संपला तेव्हा अश्विन शीळ घालत आत आला.

"काकू, गुरुवारी निळा शर्ट घालू का पांढरा?"

"बस."

"काहून? काय झालं?"

"के-एक मेलं गा."

मी त्याच्या हातात बाटली दिली आणि वही पुढे सरकवली. त्याने लेबल वाचलं, हिशेब वाचला आणि हसायला लागला. "मस्करी करून राहिल्या ना?"

"मी मस्करी करते तेव्हा तू कधी हसत नाही. आता नाही करून राहिली, तं हसून राहिला."

त्याचं हसू उतरलं. चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. "बाटलीवर मोठ्या अक्षरानं शून्य सोडियम लिहून ठेवलं होतं ना! तुमच्या ध्यानात नाही आलं?"

"पीएच कायनं करा लागते ते लिहिलं होतं का तू?"

"ते कायले लिहा लागते?"

"हेच तं."

त्याने बाटली टेबलावर ठेवली. मग तो म्हणाला, "पाहून घेऊ. दोन्ही करून पाहू. पण कोणती कोणती हाये ते मले सांगू नका."

मंगळवारी मी दोन बाटल्या केल्या, एक कॉस्टिकने, एक ट्रिसने, आणि वर नुसता लाल आणि हिरवा कागद चिकटवला. त्याने दिवसभर प्रयोग केला, एक शब्द न बोलता. त्याला न बोलता मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. संध्याकाळी पाचला यंत्राने आकडे दिले. लाल, बारा पॉइंट एक. हिरवा, शून्य पॉइंट आठ.

"लालवाली कोणाची?" त्याने विचारलं.

"माझी. सवयीची."

तो बाहेर गेला आणि सायकल स्टँडजवळच्या कट्ट्यावर जाऊन बसला. मी चहा घेऊन गेले. "मी बाबाले सांगून टाकलं होतं," तो कपाकडे पाहत म्हणाला. "का आता आजीसारखं कोणाचं होणार नाही म्हणून. साऱ्या गावाले माहीत हाये."

मी शेजारी बसले आणि चार वर्षांत त्याला जे म्हटलं नव्हतं ते म्हटलं, "अश्विन, मले माफ कर." त्याने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही.

सरांना आम्ही दोघांनी मिळून सांगितलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "गुरुवारी काय करणार?" त्यांनी अश्विनला विचारलं.

"बोलणार, सर. जे झालं तेच सांगणार."

गुरुवारी सभागृहात एसी इतका लावला होता की जागेश्वरराव आणि त्यांची तीन माणसं पहिल्या रांगेत उपरणी गुंडाळून बसली होती. मी रोशनीबरोबर शेवटच्या रांगेत, दाराजवळ. अश्विन पांढरा शर्ट घालून उभा राहिला. इंग्रजीत बोलला, खाप्याच्या वळणाचं इंग्रजी, पण स्वच्छ. पडद्यावर त्याने अकरा खांब दाखवले, सगळे एका उंचीचे. लोक कुजबुजले. मग त्याने बारावा दाखवला, जमिनीला टेकलेला. "चूक पीएच करताना झाली," तो म्हणाला. "सोडियम हायड्रॉक्साइड वापरलं गेलं. ते बफर मी स्वतः केलं होतं. चूक माझी आहे."

माझं डोकंच फिरलं.

या पोराने चार वर्षांत एक लिटर बफर केलेलं नाही. आणि हा तिथे उभा राहून, शंभर माणसांसमोर, माझ्या थेंबांवर आपलं नाव लावतो! मी उभी राहिले.

"खोटं बोलून राहिला तो," मी म्हटलं. जरा मोठ्याने झालं. सगळ्या माना वळल्या. सरांनी डोळे मिटले. "त्याले निंबाचं सरबत करता येत नाही, बफर कुठून करन? ते मी केलं. अकराही वेळा मीच केलं. एकतीस वर्षांची सवय हाये, हात आपल्यानं कॉस्टिकवर जाते."

"काकू, बसा ना!" अश्विन माइकमध्येच म्हणाला.

"नाही बसत."

लोक हसले. जागेश्वररावांसोबतच्या एकाने टाळीसुद्धा वाजवली, त्याला काय वाटलं कोण जाणे. पुढच्या रांगेत मुंबईहून आलेल्या डॉ. मिनल म्हणून एक बाई होत्या. त्या मागे वळल्या. हसत नव्हत्या. "ताई, सोडियम साधारण किती गेलं असेल? अंदाजे?"

"अंदाजे कायले? सव्वा दहा मिलिमोल. दर वेळी तेवढंच. फार तं एखादा थेंब इकडेतिकडे."

त्यांनी ते लिहून घेतलं. मग अश्विनला म्हणाल्या, "म्हणजे नवीन वाहन नाही. पण इतक्या कमी सोडियमवर जुनं वाहन किती चालतं, ते तुम्ही अकरा वेळा मोजलं आहे, आणि अकराही वेळा सारखं आलं आहे. हे कमी नाही. आता पाच, पंधरा, वीस, तीस, असं करत जा. सोडियमचा तोल ढासळतो तेव्हा हे कुठवर तग धरतं, ते कळेल."

अश्विनने फक्त मान हलवली. त्याचं औषध त्यात नव्हतं, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही.

बाहेर समोसे होते. जागेश्वरराव माझ्यापाशी आले. "तं नवा ऑटो नाही सापडला."

"नाही, भाऊ."

"जुनाच. तीन सवाऱ्यांचा."

"तोच."

त्यांनी समोसा खाऊन संपवला. "माय गेली त्याले आता दहा वर्षं झाले," ते म्हणाले. "मले काही घाई नाही. पोट्ट्याले हाये." आणि हात पुसत आपल्या माणसांकडे गेले.

मग अश्विन आला. तणतणत. "काहून उठल्या तुम्ही? सोमवारी तुमचा निरोप हाये. मी सारं आपल्यावर घेतलं होतं ना. माहं नाव आलं, तं लोकं म्हणतात, पोट्टं हाये, शिकून राहिलं. तुमचं आलं, तं म्हणतात, टेक्निशियन हाये, दुसरं काय होईन. तुम्हाले तसं कोणी म्हणू नाही, म्हणून घेतलं."

त्याचं खरं होतं. तसं म्हणणारे दोघं समोशाच्या टेबलाशी मी माझ्या कानांनी ऐकले होते. मला भरून आलं. पोरगा चार वर्षांत एवढा मोठा झाला आणि मी अजून त्याला पिपेट धरायला शिकवत होते.

पण राग होताच. "अश्विन," मी म्हटलं, "आपल्या खोलीतून एकतीस वर्षांत किती पेपर निघाले, माहीत हाये तुले?"

"किती?"

"चौऱ्याऐंशी. साऱ्यायचं बफर माह्या हातचं. बरोबर होतं तेव्हा कोणी विचारलं नाही, हे कोणी केलं म्हणून. एकाबी पेपरावर माहं नाव नाही. मी कधी बोलली का? आज पहिल्यांदा माह्या हातचं काम साऱ्या लोकायनं पडद्यावर पाह्यलं. चुकीचं होतं, पण माहं होतं. अन् तू तेही आपल्या नावावर करून घेऊन राहिला होता."

तो हातातल्या समोशाकडे पाहत उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते. मग समोसा खिडकीत ठेवून त्याने बोटं शर्टला पुसली, पांढऱ्याच, आणि खिशातून पेन काढलं.

"काकू," तो म्हणाला, "तुमचं पूर्ण नाव काय हाये?"

"चार वर्षं झाले. आता विचारून राहिला?"

"सांगा ना. नव्या पेपरावर लिहा लागन."

पुष्पलता वसंतराव निखारे, मी सांगितलं. त्याने कार्यक्रमपत्रिकेच्या मागे लिहून घेतलं, आणि बरोबर लिहिलंय की नाही ते मी दोनदा वाचून पाहिलं.